उलट्या पायांची फौज

ओला रंग आपल्याकडे पाहतो. वाळलेला रंग नुसता दिसतो. मातीच्या बोटभर पुतळीच्या भुवईखाली काजळाचा एक थेंब टेकवावा, कुंचला श्वास रोखून अलगद उचलावा, आणि नेमक्या त्याच क्षणी खिडकीतून आलेली कोवळ्या उन्हाची तिरीप त्या थेंबात शिरावी! त्या एका निमिषापुरती ती पुतळी जिवंत असते. ती तुम्हाला ओळखते, तुमचा अंदाज घेते, वेळप्रसंगी तुमच्यावर नाराजही होते. मग रंग वाळतो, चकाकी आत ओढून घेतो, आणि हातात उरते ती काजळ फासलेली माती. माझ्याकडे एका पिशाच्चाने पापणी लववल्याचे मी याच डोळ्यांनी पाहिले आहे. तुम्ही म्हणाल, मास्तर वाढवून सांगताहेत. सांगतोच! नगरच्या कोरड्या हवेत जन्म काढणाऱ्या माणसाने निदान बोलण्यात तरी थोडा ओलावा बाळगू नये काय?

त्या ओल्या डोळ्याची आठवण झाली की मला भिंगारच्या सुभेदारांची पडवी आठवते. मूळचे ते पाथर्डीच्या उजाड माळावरचे. सारे आयुष्य फौजेत घालवून निवृत्त झाले आणि गावाकडे न परतता छावणीच्या कडेलाच, बिगूल ऐकू येईल अशा टप्प्यात, घर करून राहिले. त्यांच्या मागच्या पडवीत जुन्या दाराची एक थोरली फळी दोन घडवंच्यांवर आडवी टाकलेली असे. तिच्यावर वाळू पसरलेली, वाळूत मुरमाच्या टेकड्या, निळीत बुचकळून काढलेल्या वाळूचा वळणावळणाचा नाला, आणि पलीकडच्या टोकाला हाताएवढा गड. नोकरीत असताना असेच वाळूचे मुलूख ते साहेबांसाठी रचत आणि साहेब त्यावर छडी फिरवून लढाया समजावून सांगत. "जल्मभर दुसऱ्याच्या छडीखाली डोंगार रचलं, मास्तर," ते मला म्हणाले होते, "आता छडीबी माझी आन् डोंगारबी माझा." त्या गडाच्या आतबाहेर त्यांची फौज उभी असे. दिवाळीच्या किल्ल्यासाठी कुंभार जे साचे वापरतो, त्याच साच्यांतून काढलेले मातीचे शिपाई, घोडेस्वार, आणि एक सोंड तुटलेला हत्ती. पण रंगकाम असे की शिपायाच्या फेट्याचा पदरसुद्धा वाऱ्याच्या दिशेने उडालेला!

या मुलखाचे कायदे सुभेदारांनी स्वतः केले होते आणि ते धर्मशास्त्राहून कडक होते. वेळूच्या एका काडीच्या लांबीएवढी चाल, चालीमागून चाल. दोन पुतळ्या भिडल्या की सारीपाटाचे फासे टाकायचे, ज्याचे दान मोठे तो उभा राहील, दुसरा फळीवरून उतरेल. एवढे कुणालाही समजेल. पण खरे कायदे दोनच होते. पहिला: रंगवलेला नाही तो लढणार नाही. "रंग न्हाई त्यो शिपाई न्हाई, निस्तं ढेकूळ हाय," असे ते बजावत. पुतळी हातात घेऊन अंगठ्याने फिरवून पाहत, आणि कुठे नखाएवढी माती उघडी दिसली तरी खाली ठेवून देत. दुसरा: पायाची बोटे जिकडे, तिकडे पुतळीचे तोंड. मान कुणीही वळवतो, सुभेदारांचे म्हणणे, पण मनात काय आहे ते पाय सांगतात. बोटे शत्रूकडे तर तो चढाईवर, बोटे मागे तर तो पळतोय. आणि पळणाऱ्याला गाठले की फासे टाकायचीही गरज नाही, तो मेलाच. किती खरा कायदा आहे पाहा! सभांतून, लग्नांतून, शिक्षकांच्या बैठकांतून मी नंतर कितीदा तरी लोकांची तोंडे सोडून पाय पाहिले आहेत आणि कितीदा तरी मनातल्या मनात सुभेदारांना रामराम केला आहे.

दर रविवारी मी हायस्कूलच्या वह्या बाजूला सारून त्या फळीपुढे उभा राहत असे, आणि दर रविवारी हरत असे. हरण्याचे कारण माझ्या बुद्धीत होते असे तुम्हाला वाटेल; मला तसे मुळीच वाटत नसे. माझे दुखणे निराळेच होते. माझी फौज माझी नव्हती. सुभेदार आपलेच शिपाई वाटून अर्धे मला उसने देत, आणि ते बेटे जुन्या धन्यावर शस्त्र उगारताना कचरत, हे मी शपथेवर सांगतो. आमचे पंच सॉलोमनराव, मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकवणारे आणि गंभीर चेहऱ्याने विनोद करणारे गृहस्थ, एकदा म्हणाले, "मास्तर, फासे तुमच्या हातातून निघताना प्रार्थना करतात, की आम्हाला सुभेदारांकडे जाऊ दे." सगळ्यांनी हसून घेतले. मीही हसलो. पण घरी येताना वाटेतल्या प्रत्येक दगडाला मी लाथ मारली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. तळी आटली, विहिरींचे तळ दिसू लागले, गावोगावची माणसे खडी फोडायला सरकारी कामांवर गेली, आणि पाथर्डीकडची तर ऊस उरला असेल त्या दिशेने निघून गेली. एका रविवारी सुभेदारांनी खेळ मांडलाच नाही. त्यांच्या परसातल्या आडाने मान टाकली होती, आणि नागपूरला रेल्वेत असलेला मुलगा इकडे या म्हणून मागे लागला होता. "भाऊबीज झाली की सकाळच्या यष्टीनं जायाचं," ते म्हणाले, आणि मग त्या फळीकडे पाहत, जणू तिलाच सांगताहेत अशा आवाजात पुढे म्हणाले, "येक इच्छा ऱ्हायली. इतकी वरसं माझीच फौज माझ्या फौजेशी लढली. समूर दुसऱ्याची म्हनून फौज कधी उभी ऱ्हायलीच न्हाई. येकदा तरी खरी लढाई झाली आसती तर बरं हुतं."

आता अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? उसासा टाकतो, चहा पितो आणि घरी जातो. मी मिशीवर हात ठेवला. माझी मिशी त्या काळी भिंगारपासून स्टेशनपर्यंत प्रसिद्ध होती. तिच्या टोकावर लिंबू ठेवले तर घरंगळत नसे, आणि शाळेच्या तपासणीला आलेल्या एका साहेबाने तिला उद्देशून नमस्कार केला होता. त्या मिशीवर हात ठेवून मी गरजलो, की पाडव्याला याच फळीवर माझी स्वतःची, पुरती रंगवलेली फौज उभी करीन. अशी फौज की जी पेशव्यांनी पाहिली नाही, मोगलांनी पाहिली नाही. साक्षात वेताळाचे सैन्य! हडळी, मुंजे, समंध, झोटिंग, सगळी भुतावळ चालून येईल आणि तुमच्या गडावर निशाण लावील. न लावले तर ही मिशी उतरवीन! सॉलोमनरावांनी चष्मा काढून पुसला. सुभेदारांनी पडवीतला झाडू उचलला आणि फळीवरचा गड नव्याने झटकायला घेतला. त्या झाडूच्या खसखस आवाजात माझी सुटका नाही, हे मला कळून चुकले.

दुष्काळ सगळे नेतो आणि एखादी गोष्ट चुकून देऊनही जातो. तळ्याचा तळ उघडा पडला होता, आणि तिथे भेगाळलेल्या खपल्यांखाली अशी काळी, लोण्यासारखी माती होती की तिला हात लावताना संकोच वाटावा. सायकलला पोते बांधून मी ती घरी आणली. सौभाग्यवतींनी, म्हणजे सुमनने, दारातच अडवले. राहात्याकडच्या पेरूच्या बागांत वाढलेली ही बाई बोलताना फळासारखी गोड आणि बियांसारखी टणक. "अहो, घागरभर पाण्यासाठी मी नळाशी भांडून येते, आणि तुम्ही त्यात चिखल कालवणार?" मी कामाचे गांभीर्य समजावून सांगितले. "भुतं करणार? घरात? आधीच एक आहे तेवढं पुरे नाही का?" असे म्हणून ती आत गेली. पण थोड्या वेळाने भाजी धुतलेल्या पाण्याचे पातेले माझ्यापुढे आपटून ठेवलेले दिसले. तेव्हापासून आमच्या घरी धुतलेल्या तांदळाचे, भाजीचे, हातापायांचे जे काही पाणी उरे, ते सारे पिशाच्चयोनीच्या उद्धारासाठी खर्ची पडू लागले.

पहिली फौज तडकली. नगरचे ऊन म्हणजे काय ते तिला माहीत नव्हते. सकाळी गच्चीवर ठेवलेला वेताळ दुपारी दोन वेताळ होऊन पडलेला. मी मातीत कापूस मिसळला, घोड्याची लीद मिसळली, पुन्हा मळली, पुन्हा घडवली, आणि उन्हाऐवजी माळ्याच्या सावलीत ओल्या फडक्याखाली सुकवली. आग्यावेताळाच्या मस्तकावर ज्वाळा केल्या. झोटिंगाला बैलाची छाती दिली. वाटसरूला भुलवून वाट चुकवणाऱ्या चकव्याच्या हातात विझलेला कंदील दिला. पाण्यात माणूस ओढणाऱ्या गिऱ्ह्याला माशाचे खवले दिले. आणि पिंपळावर राहणारा मुंजा केला तो इतका इवलासा, कमरेला लंगोटी, अंगावर जानवे, की त्याला घडवताना माझा मलाच आवाज खाली आणावासा वाटला. आणि सगळ्यांचे पाय, अर्थातच, उलटे. भुताचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक असते. टाच पुढे, बोटे मागे. त्यात चूक करून चालेल कसे? मी एकेका भुताच्या एकेका बोटाला नख काढले!

मग रंग. हळद, हिंगूळ, काव, चुना, नीळ आणि समईच्या ज्योतीवर धरलेले काजळ. बाजारचे रंग होते, नाही असे नाही. पण वेताळाला बाजारचा लाल लावणे मला कमीपणाचे वाटले. बारीक कामासाठी कुंचला मिळेना. खारीच्या शेपटीचे केस उत्तम, असे एका मूर्तिकाराने सांगितले. मी एका खारीच्या मागे झाडावर चढलो आणि ती ज्या तुच्छतेने माझ्याकडे पाहून निघून गेली, ते मी तुम्हाला सांगणार नाही. शेवटी आरशापुढे उभा राहिलो आणि मिशीचे डाव्या बाजूचे काही केस मुळासकट उपटून दोऱ्याने काडीला बांधले. काय कुंचला झाला तो! त्याने मी हडळीच्या पापण्या मोजून घ्याव्यात अशा रेखल्या. केस झिजत गेले, नवे उपटत गेलो. ज्या मिशीचा पण लावला होता तीच तो पण जिंकण्यासाठी झिजवावी लागत होती. कुठल्या मोठ्या कामात याहून वेगळे घडते?

चकाकीच्या मोहाने घात केला. रंगात काकवी कालवली तर तो ओल्यासारखा चमकत राहतो, असा शोध मला लागला, आणि श्रीगोंद्याकडच्या एका नातेवाइकाने गुऱ्हाळातून आणलेली काकवीची बरणी घरात होती. तो ओला, बघणारा रंग कायमचा धरून ठेवायचा, याहून मोठे स्वप्न ते काय? सारी फौज रंगवली, ओळीत मांडली, तृप्त होऊन झोपलो. सकाळी पाहतो तर फौज हलत होती! वेताळ थरथरत होता, झोटिंगाची छाती वरखाली होत होती. भुते जागी झाली म्हणून मी ओरडणार होतो, तेवढ्यात दिसल्या मुंग्या. दुष्काळातल्या, उपाशी, साऱ्या तालुक्यांतून निरोप धाडून गोळा केलेल्या मुंग्या! त्यांनी हडळीचे कुंकू चाटले, समंधाचे भस्म चाटले, पापण्यान् पापणी चाटून पुसून नेली. दुपारपर्यंत ओळीत उरली काळी, लखलखीत, लाजिरवाणी ढेकळे. आणि दिवाळी तोंडावर आलेली.

त्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिलो. बाहेर माणसे खडी फोडताहेत, आणि आपण भुतांना भुवया काढतो आहोत, याची लाजही त्याच दिवशी वाटली. रंग शाबूत असता तर वाटली नसती, हे मनाचे नाटक मलाही समजत होते. सुमनने पदर खोचून एकेक पुतळी पुसायला घेतली. मग म्हणाली, "कडुनिंबाचा डिंक वापरा. कडू असतो. मुंग्या शिवायच्या नाहीत." आणि थोड्या वेळाने, हडळ हातात धरून: "हिच्या पाठीला नुसतं काळं फासलं होतं तुम्ही. पाठ नाही का हिला?" मी खेकसलो, की फौज समोरून दिसते, पाठ कोण बघतो? त्यावर ती जे बोलली ते मी अजून विसरलेलो नाही. "बाईची पाठच जग बघतं. स्वैपाकघरात, आडावर, नळावर. तुम्ही तरी माझं तोंड किती बघता?" मी मुकाट्याने दुसरा कुंचला बांधला, तिच्या हातात दिला आणि म्हणालो, मागची बाजू तुझी.

काय सांगू तुम्हाला त्या दिवसांचे! समोरून मी आणि मागून ती, मध्ये बोटभर भूत. मी रागाने दात रंगवावेत आणि तिने मायेने अंबाडा घालावा. शाळेतून आलो की हात धुवायचे आणि बसायचे. बोटे आखडली, मानेला ताठा आला, उजवा डोळा सुजला तेव्हा डाव्याने रंगवले. दिवाळीचा फराळ कुणी केला ते मला ठाऊक नाही, बहुधा शेजारणीने. तिच्या बाजूकडे मी पाहिलेसुद्धा नाही. पुतळी फिरवून बघायला सवड कुणाला होती? रंगाला चकाकी नव्हती, कडुनिंब चमकत नाही. पण तो बसला, मुरला, मातीचाच होऊन गेला. गोड चमकते आणि मुंग्या खातात, कडू टिकते. हे वाक्य मी त्यानंतर प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिले आहे, आणि प्रत्येक वर्गाने ते माझ्या वाणीविषयी आहे असे समजून घेतले आहे. डोळे तेवढे राखून ठेवले होते. मूर्तिकार शेवटी डोळे रेखतो, तसे पाडव्याच्या सकाळी, अभ्यंगानंतर, मी सगळ्यांचे डोळे उघडले.

पडवीत माणसे जमली होती. सुभेदार धुतलेला पांढरा सदरा घालून, जुनी पदके लावून उभे होते. गडावर नवे तोरण होते. मी टोपलीवरचे फडके काढले आणि एकेक भूत वाळूवर मांडले. कुणी हसले नाही. एका म्हाताऱ्याने चक्क हात जोडले. वेताळाचे लाल डोळे, झोटिंगाचे सुळे, मुंज्याची बावरलेली नजर, सगळी सगळी गडाकडे रोखलेली! सुभेदार वाकले, निरखत राहिले. मग त्यांची नजर खाली उतरली. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "ह्यांचं पाय वो?" मी ऐटीत म्हणालो, भुतांचे पाय उलटेच असतात. "त्ये खरं. पर कायद्यानं बोटं जिकडं तिकडं तोंड. तुमची फौज तर पळाया लागलीया!" आणि पडवी अशी हसली की छतातली चिमणी उडाली. सॉलोमनराव पुढे आले. "माझं नावच न्यायी राजाचं आहे," ते म्हणाले, "आणि न्याय असा, की हे सैन्य जसं उभं आहे तसं शत्रूला पाठ दाखवून उभं आहे. न लढता मेलं." मी बोटान् बोट रंगवले होते, नखे काढली होती, आणि त्या बोटांचा अर्थ मला एकदाही उमगला नव्हता!

क्षणभर मला मिशीच्या उरलेल्या अर्ध्या भागावर वस्तऱ्याचा गार स्पर्श जाणवला. मग मनात काहीतरी ताठ उभे राहिले. मी वेताळ उचलला आणि उलटा फिरवला. बोटे गडाकडे, तोंड माझ्याकडे. मग झोटिंग, मग समंध, मग एकेक करत सगळे. भुते अशीच तर चालून येतात, मी म्हणालो. आम्ही पाठीने चढाई करतो! पुन्हा हशा होणार होता, पण सुभेदारांनी हात वर केला. "थांबा. पयला कायदा. पाठी बगू द्या." त्यांनी हडळ उचलली, तळहातावर धरली आणि उजेडाकडे नेली. अंबाड्यात अबोलीची वेणी होती. खणाच्या चोळीची गाठ होती, पाठीच्या पन्हळीत घामाची बारीक रेघ होती, आणि मानेशी, केस सुरू होतात तिथे, एक नाजूक तीळ होता. समंधाच्या पाठीवर जुन्या उपरण्याला घातलेली ठिगळे होती. मुंज्याच्या शेंडीला आईने मारावी तशी घट्ट गाठ होती. मी त्यातले काहीच पाहिले नव्हते. सुभेदारांनी हडळ जपून खाली ठेवली आणि दारात उभ्या असलेल्या सुमनकडे पाहून जुन्या सवयीने टाचा जुळवल्या. "वहिनी, अशी फौज मी उभ्या नोकरीत बगितली न्हाई," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून: "व्हा म्होरं, मास्तर. आज काय दयामाया न्हाई."

आणि काय लढाई झाली! नाल्यावरची निळी वाळू सुभेदारांनी आधीच काढून टाकली होती, "यंदा कोंच्या नाल्याला पानी हाय?" म्हणून. त्यामुळे बिचारा गिऱ्हा कोरड्यात तळमळत राहिला. पण पहिली चाल होण्याआधी चकव्यासाठी मी एक अधिकार मागून घेतला होता, की जवळ येईल त्याची दिशा तो फिरवील. त्याने हत्तीला असा भुलवला की तो आपल्याच घोडदळात शिरला, आणि सॉलोमनरावांनी पंचपद विसरून टाळी वाजवली. फासे खणखणत होते, भुते पडत होती, शिपाई पडत होते. पण मला एक निराळेच संकट येऊन भिडले. माझी सारी फौज माझ्याकडे तोंड करून लढत होती. मी काडीने मोजून समंधाला पुढे सरकवले, तर तो माझ्याकडे पाहत मागे मागे सरकत मृत्यूच्या दारात गेला. सकाळी रेखलेले ते डोळे! प्रत्येक चालीला ते विचारत होते, खरंच जाऊ का? जगात असा कुठला सेनापती होऊन गेला आहे, ज्याने आपली फौज मरायला धाडताना तिचे चेहरे पाहिले?

दुपार कलली तेव्हा माझा एकटा मुंजा गडाच्या दारापाशी उरला, आणि त्याच्यासमोर सुभेदारांचा एकच पहारेकरी. एक चाल, एक फासा, आणि निशाण. मी काडी खाली ठेवली. तो इवलासा जीव, शेंडीला घट्ट गाठ, माझ्याकडे बघत होता. सुभेदारांच्या ते ध्यानात आले. फळीला वळसा घालून ते माझ्या बाजूला येऊन उभे राहिले, जिथून ते चेहरे दिसत होते. आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आमच्या साहेबांनी कायम आमची पाठच बगितली, मास्तर. तोंडं दिसली आसती तर धाडवलं नसतं त्येंच्यानं." मग जागेवर परत गेले, आणि आवाज चढवून म्हणाले, "पर आर्धी लढाई मला नगं! खरी मागितली हुती मी. टाका फासं!"

मी टाकले. त्यांनी टाकले. त्यांचे दान मोठे पडले. खोटे कशाला बोलू? इतके काही वाढवून सांगितले. एवढे एक वाढवता येत नाही. मुंजा पडला, पडताना फळीच्या कडेवर आपटला आणि त्याच्या एका डोळ्याचा टवका उडाला. मी दिलेल्या शब्दाप्रमाणे वस्तरा मागवला. सुभेदारांनी माझी हनुवटी धरून मिशी उजेडात नेली, डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, आणि मोठ्याने हसत निकाल दिला, "आर्धी तर ह्या भुतांच्या भुवयांत गेलीया. उरल्याली ऱ्हाऊ द्या, म्होरच्या फौजेला लागंल."

भाऊबीज झाली. सकाळच्या यष्टीला मी स्थानकावर गेलो. जाताना, काय वाटले कुणास ठाऊक, मुंज्याला बरोबर घेतला, आणि गाडी निघण्याआधी स्थानकाच्या खिडकीपाशी बसून त्याचा टवका उडालेला डोळा उरल्यासुरल्या कुंचल्याने पुन्हा रेखला. सुभेदार यष्टीच्या खिडकीशी बसले होते. मी मुंजा त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, रंग ओला आहे, सांभाळा. उगवतीचे ऊन नेमके त्या थेंबात शिरले होते आणि तो डोळा त्यांच्याकडे पाहत होता. त्यांनी खिसा उघडला, क्षणभर विचार केला, आणि त्याला आत ठेवले ते तोंड स्वतःच्या छातीकडे करून. उलटे पाय, त्यामुळे बोटे आपोआप बाहेर, वाटेच्या दिशेने. "ह्यो लई श्याना हाय," ते म्हणाले. "पाय म्होरं आन् तोंड आपल्या मानसाकडं. जायाचं झालं तर आसंच जावं." गाडी हलली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, खिशाच्या आत छातीच्या बाजूला, काजळाचा एक लहानसा काळा ठिपका उमटत असणार होता, आणि कडुनिंबाच्या डिंकात कालवलेला तो रंग धुतला तरी जाणार नव्हता.